हिंगण्याची झोपडी : एका धाडसाचा घरखर्च

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला कर्वेनगरात एका मित्राच्या ऑफिसात आम्ही दहा-बारा जण जमतो. मित्र सीए आहे, त्यामुळे रिटर्न भरायच्या दिवसांत फायलींच्या गठ्ठ्यांवर बसावं लागतं, एरवी खुर्च्या पुरतात. येणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले. कोणाला हिंजवडीची नोकरी सोडून शाळा काढायची असते, कोणाला पूर्ण वेळ गाणं शिकायचं असतं, एकीला वेल्ह्याकडे जमीन घेऊन शेती करायची आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच : उडी मारू का? सल्ला द्यायची माझी लायकी नाही. मी त्यांच्यापुढे एखादं प्रकरण ठेवतो आणि दोन तास भांडू देतो.

सगळ्यात जास्त भांडण ज्या प्रकरणावर होतं, ते या ऑफिसापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं. तेव्हा या भागाला कर्वेनगर म्हणत नसत. हे हिंगणे बुद्रुक होतं. पुण्यापासून चार मैल लांब, मधे शेतं, काळी माती, रस्ता असा नाहीच. ज्यांच्या नावामुळे पुढे हिंगण्याचं कर्वेनगर झालं, त्यांचंच हे प्रकरण. सुरुवातीला मी नाव न सांगता मांडून पाहिलं होतं. पण पुण्यात ते चालत नाही. दुसऱ्या वाक्यालाच कोणीतरी म्हणतं, ‘अहो, हे तर अण्णा कर्वे.’ आणि एकदा नाव कळलं की विचार थांबतो. महर्षी, भारतरत्न, १०४ वर्षांचं आयुष्य. मग त्यांनी केलं ते बरोबरच असणार! म्हणून आता मी आधीच सांगतो : १९५८ सालचं भारतरत्न विसरा. आपण १८९६ सालात आहोत आणि पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नाही.

कागदावरची माणसं

जून १८९६. धोंडो केशव कर्वे, वय ३८. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, म्हणजे महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं काम करण्याच्या वचनात बांधलेले. स्वभाव लाजाळू, सभेत उठून बोलायचं म्हणजे संकट. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली; तिचा मुलगा रघुनाथ आता चौदा वर्षांचा. दुसरी पत्नी आनंदीबाई, माहेरची गोदूबाई, घरात सगळे त्यांना बाया म्हणतात. तिच्या पदरी एक लहान मूल. शिल्लक हजार रुपये. पाच हजारांची विम्याची पॉलिसी.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन होते. अध्यक्ष डॉ. रा. गो. भांडारकर. उद्देश असा की विधवा मुलींना राहायला जागा द्यायची आणि शिकवायचं. कर्वे आपली हजार रुपयांची शिल्लक मंडळीला देतात. पॉलिसीही देतात.

मी इथे थांबतो आणि विचारतो : तुम्ही असता तर?

वर्गातला एखादा मुलगा मोबाइलवर आकडेमोड करतो. हजार रुपये म्हणजे तेरा महिन्यांहून जास्त पगार. पाच हजार म्हणजे साडेपाच वर्षांचा. आजच्या पगारात गुणून पाहिलं की खोलीत जरा शांतता पसरते.

त्याआधीचे धक्के

अण्णांच्या आयुष्यातली सगळ्यात लोकप्रिय गोष्ट म्हणजे सातारची पायपीट. कोकणातल्या मुरूडहून परीक्षा द्यायला घाट चढून शंभर मैलांवर चालत सातारला गेले आणि दिसायला फारच लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. शाळेत आपण सगळ्यांनी ही ऐकलेली असते. वर्गात कोणी ती सांगू लागलं की मी थोडा कंटाळतो. खोटी नाही, पण तो धक्का सोपा होता. पुढच्या साली परीक्षा दिली, पास झाले. त्यात कोणाचं मन मोडायचं नव्हतं, कोणाची भाकर पणाला लागणार नव्हती.

खरा धक्का लग्नाचा. राधाबाई गेल्यावर अण्णांनी विधवेशीच लग्न करायचं ठरवलं. गोदूबाई देवरूखच्या जोशांच्या. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत अण्णांचे मित्र. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, त्यातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे सदन पुण्यात आलं. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, पुण्यात त्यांचं अण्णांशी लग्न लागलं.

मुरूडने बहिष्कार घातला. बहिष्कार हा शब्द आज आपण इतक्या सहज वापरतो की त्याचा अर्थ पुन्हा सांगावा लागतो. मुलगा घरी आला तर आई आणि भाऊ यांनाही गाव वाळीत टाकणार. म्हणजे शिक्षा ज्याने धाडस केलं त्याच्यापुरती नव्हती. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्या चुलीपर्यंत ती पोचणार होती. अण्णा पुण्यात होते, नोकरी होती, रोजचं जेवण चुकत नव्हतं. गावात राहायचं होतं ते आई-भावाला.

या प्रकरणाचा धागा मला इथे सापडतो. धाडस एक माणूस करतो आणि बिल दुसऱ्याच्या दारात येतं.

रस्ता का बदलला

लग्नाच्याच वर्षी, १८९३च्या अखेरीस, अण्णांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. दोन वर्षांनी तिचं नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी झालं. आधी ‘उत्तेजक’, मग ‘प्रतिबंध निवारक’. म्हणजे आम्ही कोणाला लग्न करा म्हणत नाही, कोणी करत असेल तर त्याच्या वाटेतले काटे काढतो. एका शब्दात केवढी माघार! माघार म्हणा, नाहीतर शहाणपण म्हणा. अण्णांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली होती. पुनर्विवाह करायला तयार होणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या हजारोंचं काय? त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहायच्या तर शिक्षण हवं, आणि शिकायचं तर राहायला जागा हवी.

अशी जागा पुण्यात होतीच, शारदा सदन. पण १८९३ सालीच तिथे वाद पेटला. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत म्हणून ओरड झाली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. वडील मंडळी आपल्या विधवा मुली तिथे पाठवायला कचरू लागली. गरज तशीच राहिली, दार मात्र बंद झालं.

वर्गातली एक मुलगी दर वेळी इथे एक टोक काढते आणि बरोबर काढते. विधवांसाठी पुण्यात पहिलं घर कर्व्यांनी काढलं नाही. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं, आणि तेही ब्राह्मण विधवांसाठी. तेहतीस वर्षांनंतरही कर्व्यांच्या आश्रमात सुरुवातीला येणाऱ्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्याच होत्या. हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. अण्णांचं स्वप्न त्यांच्या जातीच्या अंगणातून सुरू झालं. ते अंगण ओलांडायला संस्थेला वेळ लागला.

नोकरी सोडली का?

हा प्रश्न मी फळ्यावर लिहितो. हात वर होतात : सोडली. संस्थेसाठी सर्वस्व दिलं म्हणजे नोकरी सोडलीच असणार.

नाही सोडली. मंडळी स्थापन झाली १८९६ला, फर्ग्युसनमधून अण्णा निवृत्त झाले १९१४ला. मधे अठरा वर्षं. या अठरा वर्षांत त्यांनी आश्रम वाढवला, १९०७ साली महिला विद्यालय काढलं, १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला, सुट्ट्यांमध्ये गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली, आणि कॉलेज उघडलं की वर्गात उभे राहून गणित शिकवलं.

उडी मारायला आलेल्या लोकांना हे आवडत नाही. त्यांना गोष्टीत राजीनाम्याचा प्रसंग हवा असतो. एका गुरुवारी एक जण चिडून म्हणाला, ‘मग यात बोल्ड काय आहे? साइड बिझनेस झाला हा!’ मला हा शब्द फार आवडला. हिंगण्याचा आश्रम, साइड बिझनेस. पण त्याच्या चिडण्यात मुद्दा होता. धाडस म्हणजे काय, हे आपण सिनेमावरून ठरवतो. राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटला की धाडस. अठरा वर्षं दोन ठिकाणी राबणं याला आपल्याकडे नावच नाही.

आणि त्या पगारावर अवलंबून काय होतं तेही बघा. कॉलेजचा प्राध्यापक या शब्दाला वजन होतं. भांडारकर अध्यक्ष होतात, वर्गणीदार दार उघडतात, ते या माणसाच्या प्रतिष्ठेच्या जोरावर. नोकरी सोडून, दाढी वाढवून, कफनी घालून तो वर्गणी मागत फिरला असता तर पहिल्या चार घरांतच परत पाठवला असता. विधवेशी लग्न केलेला माणूस आधीच संशयात होता.

झोपडी आणि चार मैल

पुण्यात प्लेग आला तो १८९६च्या अखेरीला. १८९७ची हकीकत सगळ्यांना ठाऊक असते : रँडची प्लेग कमिटी, घराघरांत शिरणारे सोल्जर, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावरचा गोळीबार. पण प्लेग रँडबरोबर गेला नाही. तो पुढची कितीतरी वर्षं हंगाम धरून येत राहिला. दाटीवाटीच्या पेठेत मुलींचं वसतिगृह चालवणं म्हणजे निखाऱ्यावर पाट मांडणं.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तिथे सुमारे पाचशे रुपये खर्चून एक झोपडी उभी राहिली, आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. आज आपण ‘वर्क फ्रॉम होम की ऑफिस’ यावर भांडतो. अण्णांची अडचण अशी होती की कॉलेज एकीकडे, आश्रम दुसरीकडे, घर तिसरीकडे. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, संध्याकाळी पुण्यातून लागेल ते सामान घेऊन हिंगण्याला चालत जायचं, मुलींना शिकवायचं, मुक्काम करायचा, सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. एका बाजूला चार मैल. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेसकट पाय धरून ठेवतो, हे ज्यांनी शेतातून चालून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मी एकदा हा रस्ता चालून पाहिला. फर्ग्युसनच्या दारातून निघालो, डेक्कन, कर्वे रस्ता, नळस्टॉप, एसएनडीटी, मग आत कर्वेनगर. डोक्यावरून मेट्रो जात होती. सव्वा तास लागला आणि मधे दोनदा चहा झाला, त्यामुळे हा प्रयोग पुरावा म्हणून धरू नये.

या चार मैलांबद्दल वर्गात नेहमी टाळ्यांचं वातावरण तयार होतं. मग मी विचारतो : अण्णा रात्री हिंगण्याला, तेव्हा पुण्यात घरी कोण?

पॉलिसी कोणाची

दोन वर्षांपूर्वी एक बाई वर्गात आल्या होत्या. सहकारी बँकेत काम करणाऱ्या, जरा उशिरा येणाऱ्या, बहुतेक वेळ गप्प. पॉलिसीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘सर, विमा माणूस कशासाठी काढतो?’

उत्तर सगळ्यांना येत होतं. आपण गेल्यावर मागच्यांचं व्हावं म्हणून.

‘मग ती पॉलिसी अण्णांची कशी? ती बायांची होती ना?’

त्या गुरुवारी पुढचं काही झालं नाही. चर्चा इथेच अडकली आणि अडकली ते बरं झालं.

त्या काळात पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूने आयुष्य कसं उलटतं हे बायांनी आठव्या वर्षीच अनुभवलं होतं. दुसरा नवरा मिळाला, प्राध्यापक मिळाला, आणि त्याने आपल्या मरणानंतरचे पैसे दुसऱ्या विधवांसाठी देऊन टाकले. बायकोने विधवा झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न मात्र घरातच शिल्लक ठेवला. यातली धार अण्णांना दिसली नसेल असं मला वाटत नाही. गणिताचा माणूस होता. त्यांनी हिशेब केला आणि एका विधवेपेक्षा अनेक विधवा, असं उत्तर काढलं. उत्तर चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्या एका विधवेला विचारून काढलं का, हा प्रश्न राहतो.

बायांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, ‘माझे पुराण’ या नावाने. मराठीतलं हे पुस्तक महर्षींच्या चरित्रांइतकं वाचलं जात नाही, ही आपली हानी. त्यात ओवाळणी नाही. संसाराची ओढाताण आहे, मुलांची आजारपणं आहेत, नवऱ्याबद्दल अभिमान आहे आणि त्याच्या शेजारीच नवऱ्यावरचा राग आहे. एका ओळीत दोन्ही असू शकतं हे ज्यांच्या घरात कोणी ध्येयवेडं असतं त्यांना पटेल.

बाया रडत बसल्या नाहीत. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि पुण्यात बाळंतपणं करू लागल्या. घर त्या कमाईवर बरंचसं चाललं. मुलं वाढली, शिकली. म्हणजे हिंगण्याच्या झोपडीच्या ताळेबंदात एक देणगीदार असा आहे की ज्याचं नाव कोणत्याच पावतीपुस्तकात नाही. रात्री-बेरात्री कोणाच्या तरी घरी बाळंतपणाला धावणाऱ्या बाईने तो आश्रम उभा ठेवला. अण्णा पगार आश्रमाकडे वळवू शकले, कारण घराकडे बघणारी दुसरी कमाई होती.

हे मी वर्गात बोललो की पुरुष मंडळी फळ्याकडे बघतात आणि बायका एकमेकींकडे.

दोघी बहिणी

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग. आश्रम चालायचा तर लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवायला हव्यात. शारदा सदनाचा वाद ताजा. लोकांची भीती दोन शब्दांची : धर्म बाटेल, किंवा लग्न लावून देतील. म्हणून अण्णांनी ठरवलं की आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही. ज्याने स्वतः विधवेशी लग्न करून गावाचा बहिष्कार सोसला, त्याने आपल्या संस्थेच्या दारात तो विषय काढून ठेवला. सुधारकांना हे पळपुटेपणाचं वाटलं. आणि स्वतः पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, म्हणजे बाया? त्यांना आश्रमाच्या कामापासून लांब राहावं लागलं. त्या तिथे वावरल्या असत्या तर मुलींच्या घरच्यांच्या भुवया उंचावल्या असत्या.

पुन्हा वाचा. विधवांसाठी काढलेल्या आश्रमात, शिकून, हिंमत करून नव्याने संसार मांडलेली विधवा जाऊ शकत नव्हती. कारण ती आता विधवा नव्हती. स्वप्न टिकावं म्हणून ज्या गोष्टीपासून स्वप्न सुरू झालं तीच बाहेर ठेवावी लागली.

त्याच वेळी बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०चा. विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा. पुण्यात आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. केशवपन केलेलं डोकं, विधवेचा वेष, आणि त्याच वेषात गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी आश्रमासाठी पैसे जमवले. सोवळी विधवा उभी राहून विधवांच्या शिक्षणाबद्दल बोलते म्हटल्यावर सनातनी घरांनाही कान बंद करता येत नसत. केस वाढवले तर संस्थेला त्रास होईल म्हणून त्यांनी ते पाऊल कितीतरी वर्षं लांबवलं. १९१२ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन थांबवलं.

म्हणजे एकाच आईच्या दोन मुली. एकीने लग्न केलं म्हणून ती आश्रमाबाहेर. दुसरीने केस उतरवत ठेवले म्हणून ती आश्रमाचा चेहरा. अण्णांच्या धाडसाची किंमत या दोघींनी दोन वेगळ्या नाण्यांत चुकवली.

पार्वतीबाईंचं एक स्वतःचं स्वप्नही होतं, ते सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. संस्थेच्या व्यापात ते साधेना. शेवटी १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, त्या जपानमार्गे अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करून राहिल्या. १९२०मध्ये परतल्या आणि पुढे ‘माझी कहाणी’ लिहिली. यावर स्वतंत्र प्रकरण होईल. त्यांनी मागितलेलं फार मोठं नव्हतं, आणि ज्यांनी काही मोठं मागितलेलं नसतं त्यांना परवानगी मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, असं मला कधी कधी वाटतं.

मग उत्तर काय निघालं

पुढची हकीकत भरभर सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना माहीत असते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. १९१५च्या डिसेंबरात मुंबईतल्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं तेव्हा भाषणाच्या तयारीत ती कामी आली. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झालं, विद्यार्थिनी पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव मिळालं. कर्वे रस्त्यावरून जाताना आपण ज्याला नुसतं एसएनडीटी म्हणतो ते हे. १८९६ची हजार रुपयांची शिल्लक ते पंधरा लाख, मधे चोवीस वर्षं.

वर्गाच्या शेवटी मी मत घेतो : १८९६च्या जूनमध्ये तुम्ही अण्णांना काय सांगाल? पहिल्या वर्षी सगळे म्हणायचे, ‘करा.’ आता मतं फुटतात. काही म्हणतात, शिल्लक द्या, पॉलिसी ठेवा. एकाने सुचवलं, पॉलिसी द्या, पण बायांचं नागपूरचं शिक्षण आधी पुरं होऊ द्या. त्याला मी त्या दिवशी चहा पाजला. बँकेतल्या बाईंनी मत दिलंच नाही. त्या म्हणाल्या, ‘अण्णांना सांगायचं काय? विचारायचं असेल तर बायांना विचारा, त्या काय म्हणतात ते मला ऐकायचंय.’

माझं स्वतःचं मत दर वर्षी थोडं सरकतं. अण्णांनी नोकरी धरून ठेवली हे मला त्यांच्या सगळ्या त्यागांपेक्षा मोठं वाटतं. पॉलिसीचं मला अजूनही पचत नाही. आणि बायांना आश्रमाबाहेर ठेवलं ते त्या काळात टाळता आलं असतं का, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. टाळलं असतं तर कदाचित आश्रमच राहिला नसता, एवढं कबूल करावं लागतं.

प्रकरण झालं की एक घरपाठ असतो. आपल्या उडीचा हिशेब एका कागदावर मांडून आणायचा : काय हवंय, किती लागेल, कोणाचं लागेल. गेल्या वर्षी हिंजवडीतला एक मुलगा शाळा काढायची म्हणून येत होता. कागद आणायच्या गुरुवारी तो आला नाही. मला वाटलं, गेला, असे बरेच जातात. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आला. कागद चांगला चोळामोळा झालेला होता, घडीवर तेलाचा डाग. वरची यादी त्याच्या अक्षरात होती : जागा, फर्निचर, दोन शिक्षक, सहा महिन्यांचं भाडं. खाली रेघ मारून दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि तिथे शब्द फारसे नव्हतेच; घराचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधं, आणि समोर आकडे. एका आकड्यावर काट मारून तो वाढवलेला होता.

‘हे कोणी लिहिलं?’ मी विचारलं.

‘बायकोने,’ तो म्हणाला. ‘अजून संपलेलं नाही. ती म्हणाली, कागद परत आण.’